जर्मनीत मास्टर्स: सहाव्या सेमिस्टरला असताना काय काय मार्गी लावायचं?

वर्धमाननगर_मेक
नमस्कार मंडळी. नागपूर विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजात मेकॅनिकल करून राहिलो. सहावं सेमिस्टर सुरू आहे, सीजीपीए 8.1, बॅकलॉग नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या विंटर सेमिस्टरला जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात जायचं आहे. धरमपेठेतले एक कन्सल्टंट म्हणतात, आत्ता फक्त आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) द्या, कागदपत्रं आठव्या सेमिस्टरनंतर बघू. हे बरोबर आहे का? आणि 8.1 मध्ये चान्स आहे का? दुसरं म्हणजे बाबांच्या नावावर दिघोरीकडे प्लॉट आहे. त्यावर शिक्षणकर्ज मिळेल?

तर्रीपोहा
आठव्या सेमिस्टरनंतर बसलात तर वर्ष गेलं समजा. विंटरचे अर्ज साधारण 15 जुलैला बंद होतात, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी बरीच विद्यापीठं 31 मे किंवा त्याआधीच दार लावून घेतात. तेव्हा तुमचा शेवटचा निकाल कुठून असणार? अर्ज सात सेमिस्टरच्या गुणपत्रिकांवर करायचा आणि डिग्री किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र नंतर द्यायचं. हे चालतं की नाही ते प्रत्येक कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं, तिथे वाचा.

सगळ्यात आधी पासपोर्ट काढा आणि त्यावरचं नाव बघा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नाव वेगळ्या. अर्ज भरताना वडिलांचं नाव गाळलं, की दहावीच्या कागदावर तीन शब्द आणि पासपोर्टवर दोन. मग पुढे प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्र जोडत बसा. ‘गिव्हन नेम’ मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव दोन्ही घाला, स्पेलिंग दहावीच्या कागदाप्रमाणे. आधीच पासपोर्ट असेल आणि नाव जुळत नसेल, तर आत्ताच रि-इश्यूला टाका.

त्यानंतर एपीएस, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं तपासून दिलेलं प्रमाणपत्र. भारतातून शिकलेल्यांना विद्यार्थी व्हिसासाठी हे नोव्हेंबर 2022 पासून लागतं, फी 18,000 रुपये. दहावी, बारावी आणि सेमिस्टरच्या गुणपत्रिका तपासायला द्याव्या लागतात. सीझनला गर्दी होते आणि काम आठवड्यांनी मोजावं लागतं. सातव्या सेमिस्टरचा निकाल लागला की त्याच आठवड्यात टाका.

आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकचा निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे आत्ता द्यायला हरकत नाही. बहुतेक कोर्स 6.5 मागतात.

सेमिनरी_हिल्स
8.1 वर बोलतो, कारण इथे चुकीचं गणित करून लोक एकतर घाबरतात किंवा उगाच हवेत राहतात. जर्मनीत 1 सर्वोत्तम, 4 म्हणजे काठावर पास. रूपांतराचं सूत्र असं:

1 + 3 × (कमाल ग्रेड − तुमची ग्रेड) ÷ (कमाल − किमान उत्तीर्ण ग्रेड)

कमाल 10 आणि किमान उत्तीर्ण 4 धरलं तर 1.95 येतं. किमान 5 धरलं तर 2.14. तुमचा एक मार्कही न बदलता! अनेक कोर्सचा कटऑफ 2.5 असतो, त्यात दोन्ही बसतात. पण जागा मर्यादित असतील तिथे हा फरक भोवतो. म्हणून विद्यापीठाची ग्रेडिंग स्कीम, त्यात किमान उत्तीर्ण ग्रेड स्पष्ट लिहिलेली, सही-शिक्क्यासह ट्रान्सक्रिप्टसोबत (सगळ्या सेमिस्टरची एकत्र गुणपत्रिका) घ्या. प्रत्येकाच्या चार-पाच प्रती एकाच खेपेत काढा.

याहून जास्त अर्ज विषयांवरून बाद होतात. मेकॅनिकलच्या मास्टर्सला गणित, थर्मोडायनॅमिक्स, मेकॅनिक्स यांचे ठरावीक क्रेडिट मागतात आणि ते विषयांच्या नावावरून नाही, मजकुरावरून तपासतात. ‘एम-3’ (तिसऱ्या सेमिस्टरचं गणित) असं लिहिलेलं त्यांना काय कळणार? आठही सेमिस्टरचा सिलॅबस आणि तासांचा तक्ता आत्ताच डाउनलोड करून ठेवा. नवीन अभ्यासक्रम आला की जुना सिलॅबस साइटवर शोधत फिरावं लागतं.

बरेच अर्ज युनि-असिस्टमार्फत (विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) जातात: पहिल्याला 75 युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला 30. त्यांना तपासायला चार ते सहा आठवडे द्या. शेवटच्या दिवशी भरलेला अर्ज एका गहाळ पानामुळे बाद होतो आणि दुरुस्तीला वेळ उरत नाही.

नासुप्र_पीडित
प्लॉटचं विचारलं ते चांगलं केलं. बँक पहिला प्रश्न हाच विचारते: आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आहे का? दिघोरीकडचे पुष्कळ लेआउट गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले आहेत. शहर हद्दीत असेल तर नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यास) नियमितीकरण पत्र, बाहेर असेल तर एनएमआरडीएकडचा (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) कागद. नुसत्या रजिस्ट्रीवर सरकारी बँक बहुधा गहाण घेणार नाही. आरएल नसेल तर डिमांड (नियमितीकरणाचं शुल्क) भरून ते हातात पडायला वेळ लागतो, तेव्हा बाबांना याच महिन्यात फाइल उघडायला सांगा. आखीव पत्रिका, विक्रीपत्र, मालमत्ता कराची पावतीही काढून ठेवा. बँकेचा वकील टायटल तपासतो, व्हॅल्युअर प्लॉटवर जाऊन येतो आणि कर्ज त्याच्या आकड्यावर ठरतं, बाजारभावावर नाही.

बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण तुमचं तेवढ्यात भागणार नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (जिथून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. ही रक्कम शिक्षणकर्जातून पाठवली तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो कर) नाही. स्वतःच्या पैशातून पाठवली तर 10 लाखांवरच्या भागावर लागतो.

वर्धमाननगर_मेक
आरएल नाही बहुतेक, बाबांना विचारतो. फी नसते ना पण?

तर्रीपोहा
बहुतेक राज्यांत नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने (टीयूएम) 2024-25 च्या विंटरपासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. यादी करताना हा रकाना वेगळा ठेवा.

कन्सल्टंटबद्दल एवढंच बघा: तो दाखवतो त्या यादीत सरकारी विद्यापीठं किती आहेत. कमिशन खासगी कॉलेजं देतात. तिथली वर्षाची फी तुमच्या ब्लॉक्ड अकाउंटच्या रकमेएवढी सहज होते, आणि मग दिघोरीचा प्लॉटही पुरत नाही.

सेमिनरी_हिल्स
शिफारसपत्रं राहिली. सरांच्या जीमेलवरून नको, कॉलेजच्या ईमेलवरून आणि लेटरहेडवर. एक प्रोजेक्ट गाइडचं, एक असं की ज्यांनी थिअरी शिकवली. सुट्या लागायच्या आत सांगून ठेवा.