चंद्रताल ते बारालाचा खिंड : उंची आणि ओढ्यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही काही मित्र लाहौल-स्पीतीतील चंद्रतालपासून चालायला सुरुवात करून, चंद्रा नदीच्या काठाने टोकपो योंगमा व टोकपो गोंगमा येथे मुक्काम करत बारालाचा खिंडीत मनाली-लेह रस्त्याला लागण्याच्या विचारात आहोत. सोबत स्थानिक वाटाड्या आणि सामानासाठी खेचरे असतील. सह्याद्रीतली चाल अंगवळणी पडलेली आहे; परंतु कळसूबाई १६४६ मीटर आणि चंद्रतालचा काठच सुमारे ४२५० मीटर, त्यामुळे त्या सवयीच्या भरवशावर राहणे योग्य वाटत नाही.

आयोजकांच्या आराखड्यानुसार मनालीहून अटल बोगदा, ग्रांफू, छत्रू, बातल असे करत त्याच संध्याकाळी तळ्याजवळ मुक्काम आहे. एका दिवसात दोन हजार मीटरहून अधिक उंची गाठणे मला धोक्याचे वाटते. सिमला, कल्पा, नाको, काझा असे सावकाश येऊन कुंझुम खिंड ओलांडावी, तर रजा जास्त लागते. तो खर्च खरोखर सार्थकी लागतो का? दुसरा प्रश्न टोकपो योंगमाच्या ओढ्याचा आहे. तो कोणत्या वेळी आणि कसा ओलांडावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

रजा काढाच, आणि काझाला निदान दोन रात्री राहा. या वाटेची खरी मेख अशी, की ती शेवटापर्यंत चढत जाते आणि सर्वांत उंच जागा, म्हणजे सुमारे ४८९० मीटरची बारालाचा खिंड, अखेरीस येते. मधल्या मुक्कामी कोणाचे डोके ठणकू लागले, मळमळू लागले, तर पुढे जाऊन सुटका नाही. मागे फिरावे, तरी बातलसुद्धा चार हजार मीटरच्या आसपास आहे. म्हणून विरळ हवेची सवय आधीच झालेली हवी. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असल्यास. तळ्याच्या अगदी काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, तंबूंची जागा अलीकडे दोन-तीन किलोमीटरवर आहे. तिथेही एक दिवस विसावा घ्यावा.

ओढ्याचे पाणी हिमनदीचे असल्यामुळे उन्हाबरोबर वाढते. दुपारी पोहोचलात, तर अलीकडच्या काठावरच मुक्काम करून पहाटे ओलांडा. अनवाणी उतरू नका, कारण गार पाण्याने पाय बधिर होतात आणि गोटा कुठे सरकला ते कळतच नाही. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. सॅकच्या कमरेचा व छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे तोल गेलाच तर ती झटकन टाकता येईल. काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोवून, तिकडे तोंड करून, एकेक पाऊल आडवे सरकावे. पाणी मांडीच्या वर असेल, तर वाटाड्या हो म्हणाला तरी थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाटेत मोबाइलला रेंज नाही, म्हणून बारालाचाला घ्यायला येणाऱ्या चालकाशी दिवस आधीच ठरवा आणि एक दिवस राखीव धरा.