वॉटसन, लेनिंगर फक्त पेपरापुरत्या? – चर्चा धागा

ट्यूटर, सांगली:
नर्सिंगच्या अभ्यासक्रमातल्या काळजीविषयीच्या (केअरिंगच्या) थिअऱ्यांवर साताऱ्याच्या एका स्टाफ ब्रदरनी (पुरुष नर्सनी) काल लिहिलंय, "वॉटसनबाईंचे दहा घटक पाठ करून कुणाचा ताप उतरला? या थिअऱ्या अभ्यासक्रमातून काढा आणि तेवढे तास आयव्ही (शिरेतली सलाइन) लावायला शिकवा." खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग लागलीय. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

दहा घटक घोकून घ्यायचे आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) क्रमाने म्हणायला लावायचे, हा दोष आपल्या शिकवण्याचा. जीन वॉटसन यांनी 1979 च्या पुस्तकात मांडलेल्या काळजीच्या त्या दहा घटकांत मूलभूत गरजा भागवायला मदत करणं हाही एक घटक आहे. म्हणजे अंघोळ, बेडपॅन, घास भरवणं. ज्या कामांना आपण 'मावशींचं काम' म्हणून सोडून दिलं, ती त्यांनी नर्सिंगच्या गाभ्यात ठेवली.

आणि काळजीला पेशंटच्या संस्कृतीशी जोडणाऱ्या मॅडलिन लेनिंगर? 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पापुआ न्यू गिनीतल्या गाडसुप लोकांत राहून अभ्यास केला, 1965 ला मानववंशशास्त्रात पीएच.डी. घेतली. पेशंटच्या चालीरीती जपणं, तडजोड करणं किंवा बदलणं, या त्यांनी सांगितलेल्या तीन वाटा पीएनसी (बाळंतिणींच्या) वॉर्डात रोज लागतात. अळीव, डिंकाचे लाडू, बाळंतिणीचं अंग चोळणं: जपा. शेक-शेगडी: तडजोड करा, खिडकी उघडी, धूर नको, बाळ लांब. पहिला चीक पिळून टाकणं, बाळाला मध किंवा घुटी चाटवणं, नाळेला हळद-तेल लावणं: हे बदलायलाच लावा. पहिल्या तासात छातीला लावायचं, नाळ कोरडी ठेवायची, वर्षाच्या आत मध नाही, कारण त्यातून बॉट्युलिझमचा धोका असतो. सरसकट 'हे सगळं बंद' म्हटलं की सासूबाई मान डोलावतात आणि घरी गेल्यावर सगळंच करतात, चांगलंही आणि घातकही. निवड करून सांगितलं तर ऐकतात.

मूळ पोस्ट माझी (सातारा):
मॅडम, मध देऊ नका हे सांगायला लेनिंगर कशाला? एएनएमच्या (नर्सिंगच्या प्राथमिक कोर्सच्या) पहिल्या वर्षातच शिकवतात.

ट्यूटर, सांगली:
काय बंद करायचं ते शिकवतात. काय चालू ठेवू द्यायचं ते कोण शिकवतं? ऑपरेशन थिएटरला न्यायच्या आधी माळकरी पेशंटची तुळशीची माळ काढा म्हटलं की वाद होतो. माळ लाकडी आहे, डायथर्मीला (विजेवर चालणाऱ्या कापायच्या यंत्राला) तिचा त्रास नाही. अडचण होते ती श्वासाची ट्यूब घालताना किंवा मानेतल्या शिरेत लाइन टाकताना. मग गॉजमध्ये गुंडाळून आयव्ही नसलेल्या मनगटाला बांधा. मंगळसूत्र मात्र धातूचं, ते उतरवून नातेवाइकाच्या हातात द्यायचं आणि सही घ्यायची. हातावर सूज असेल तर काचेचा चुडाही काढायचा. फरक कशाने पडतो ते नर्सला कळलं पाहिजे, म्हणून थिअरी.

नाईट स्टाफ, मिरज:
लेनिंगर पटल्या. वॉटसन नाही, आणि हे रागानेच लिहितेय. चाळीस खाटांचा वॉर्ड, रात्री दोघी. बारा पेशंट अंथरुणाला खिळलेले. एकाची कूस बदलायला दोन माणसं आणि पाच मिनिटं. बारा जणांचा झाला एक तास. दर दोन तासांनी बदलायची, म्हणजे निम्मी रात्र दोघीही त्यातच. इंजेक्शनं, नवीन अॅडमिशन, इनटेक-आउटपुटच्या (पोटात गेलेल्या-बाहेर पडलेल्या पाण्याच्या) नोंदी कधी? टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतरत्र पाचांमागे एक, आयसीयूत एकास एक, हे नॉर्म कागदावर राहतात. मग कूस न बदलल्याने दाबाची जखम (बेडसोर) पाठीला झाली की मेमो सिस्टरला आणि वर भाषण, 'तुमच्यात केअरिंग कमी आहे'. इतिहासकार सुझन रेव्हर्बी यांनी 1987 मध्येच लिहिलंय की समाज नर्सला काळजी घ्यायचा हुकूम देतो आणि त्या काळजीला किंमत मात्र देत नाही. कंत्राटी मुलींच्या पगाराचा विषय काढला की 'सेवाभाव' आठवतो. या थिअऱ्यांनी व्यवस्थापनाच्या हातात आयतं कोलीत दिलं.

ट्यूटर, सांगली:
हा राग रास्त आहे. पण मेरिलिन रे या नर्सिंग थिअरी मांडणाऱ्या बाईंनी 1980 च्या दशकात हेच धरलं होतं. हॉस्पिटलमधली काळजी पैसा, कायदा, राजकारण, तंत्रज्ञान यांतूनच घडते, एकट्या नर्सच्या स्वभावातून नाही. म्हणजे तुमचा मुद्दा केअरिंगच्या थिअरीतच बसतो.

नाईट स्टाफ, मिरज:
असेल. मग रे शिकवा आणि अॅडमिनिस्ट्रेशनच्या लोकांनाही शिकवा. आम्हालाच कशाला?

आयसीयू ब्रदर, कराड:
कूस बदलण्याचा विषय निघालाच आहे तर मला वेगळंच खुपतंय. अजूनही प्रोसिजर वहीत बॅक केअर (पाठीची निगा) म्हणजे स्पिरिट, पावडर आणि हाडाच्या उंचवट्यावर गोल गोल मसाज! लाल झालेल्या जागी आधीच केशवाहिन्या दबलेल्या असतात, चोळलं की आणखी फाटतात. स्पिरिटने कातडी कोरडी पडून भेगाळते. पावडर घाम-लघवीत भिजून गोळे होते आणि तेच टोचतात. करुणेपोटी चोळणारी सिस्टर पेशंटचं नुकसान करते. काळजीची थिअरी मांडणाऱ्या सिमोन रोच यांनी करुणेच्या जोडीला सक्षमता ठेवली ती याचसाठी.

सीनियर सिस्टर, सांगली (निवृत्त):
वर्षानुवर्षं स्पिरिटनेच केलं आहे आणि पाठी स्वच्छ राहिल्या. नव्या लोकांनी जुन्यांना एकदम अडाणी ठरवू नये.

आयसीयू ब्रदर, कराड:
अडाणी कुणी म्हटलं, ताई? पाठी स्वच्छ राहिल्या त्या मसाज करायला दोन-दोन तासांनी कूस बदलली जायची आणि कातडी डोळ्यांखालून जायची म्हणून. ते चालू ठेवा, स्पिरिट सोडा. कोमट पाणी, सौम्य साबण, न घासता टिपून कोरडं, मग मॉइश्चरायझर. लघवी-शौच अंथरुणात होत असेल तर झिंकचं बॅरियर क्रीम. पूर्ण 90 अंशांवर कुशीला टेकवू नका, मांडीच्या हाडावर भार येतो. 30 अंश, पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये दुसरी. टाच अधांतरी ठेवायला उशी पोटरीखाली. पाणी भरलेला ग्लोव्ह टाचेखाली ठेवणं बंद करा, एअर रिंगही (हवेची गोल उशी) बंद. रिंगच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. वर सरकवायचं तर ड्रॉशीटने (खाली घातलेल्या आडव्या चादरीने) उचलून, ओढून नाही.

नाईट स्टाफ, मिरज:
व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं डोकं 30 ते 45 अंश ठेवायचं असतं. तो खाली घसरणारच, सेक्रमवर (कमरेखालच्या हाडावर) शिअर (कातडीला बसणारी ओढ) येणारच. तिथे काय करता?

आयसीयू ब्रदर, कराड:
आधी गुडघ्यांची बाजू वर, मग डोक्याची. उलट केलं की घसरतो. तरी शिअर शून्य होत नाही, हे मान्य.

सीनियर सिस्टर, सांगली (निवृत्त):
ग्लोव्हचं पटलं. मसाजचं अर्धंच पटलं. हाड सोडून खांद्यांना, कमरेच्या बाजूला हात फिरवला तर पेशंटला झोप लागते, ते सोडणार नाही.

आयसीयू ब्रदर, कराड:
ते सोडूच नका. बंदी फक्त हाडावर आणि लाल जागेवर.

ट्यूटर, सांगली:
लाल जागेबद्दल एक. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. बोटाने तीन सेकंद दाबून सोडल्यावर पांढरं पडलं नाही तर दाबाच्या जखमेची स्टेज एक, हे गोऱ्या कातडीला सोपं. आपल्या पेशंटला हाताची मागची बाजू लावून गरम लागतं का, आजूबाजूपेक्षा टणक किंवा लिबलिबीत आहे का, जांभळट झाक आहे का, दुखतं का, हे बघायचं. मिरजेत कर्नाटकातून आलेल्या पेशंटला 'दुखतंय का' कळलं नाही तर तोंडाकडे बघून समजू नका, नातेवाइकाकडून विचारून घ्या. गृहीत न धरता माणूस जाणून घेणं ही क्रिस्टन स्वॉन्सन यांच्या 1991 च्या काळजीच्या मांडणीतल्या पाच प्रक्रियांपैकी एक. दुसरी म्हणजे पेशंटला आणि घरच्यांना सक्षम करणं. बारा जणांचा प्रश्न तिथेच थोडा सुटतो.

नाईट स्टाफ, मिरज:
म्हणजे नातेवाइकांकडून काम करून घ्या! याला थिअरीचं नाव देऊ नका, मॅडम. रात्री झोपलेल्या मुलाला उठवून बापाची कूस बदलायला लावायची आणि पद भरायचं नाही.

ट्यूटर, सांगली:
पद भरलंच पाहिजे, त्यावर दुमत नाही. पण डिस्चार्जनंतर घरी तो मुलगाच बदलणार आहे. पहिली कूस आपण बदलायची, दुसरी त्याने आपल्यासमोर. फ्रॅक्चर, मणक्याची इजा, ट्रॅक्शन, ताजं ऑपरेशन असेल तर त्याला हात लावू द्यायचा नाही. लघवीच्या कॅथेटरची बॅग ब्लॅडरच्या (मूत्राशयाच्या) खाली राहील आणि रायल्स ट्यूब (नाकातून पोटात गेलेली नळी) ओढली जाणार नाही, हे आधी दाखवायचं. माणूस रोज बदलतो म्हणून खाटेला कागद: 10 डावी, 12 पाठ, 2 उजवी. खाली सही सिस्टरची, नातेवाइकाची नाही.

नाईट स्टाफ, मिरज:
सही सिस्टरची असेल तर चालेल. जबाबदारी ढकलली नाही, एवढं मानते. वॉटसनबद्दल मत तेच.

मूळ पोस्ट माझी (सातारा):
थिअरी काढा म्हटलं ते मागे घेतो, पण पूर्ण नाही. 'दहा घटक लिहा' हा प्रश्न तरी काढा. त्याऐवजी केस द्या: 65 वर्षांचे पक्षाघाताचे माळकरी गृहस्थ, ब्रेडन स्कोअर 12 (म्हणजे दाबाच्या जखमेचा मोठा धोका), सोबत सून. पहिल्या चोवीस तासांत काय कराल, कुणाकडून काय करून घ्याल, कशाला नाही म्हणाल. त्यात लेनिंगर आल्या तर मार्क द्या, नाव नसलं तरी द्या.

सीनियर सिस्टर, सांगली (निवृत्त):
आणि उत्तरात स्पिरिट लिहिलं तर?

आयसीयू ब्रदर, कराड:
मार्क कापा, ताई. आधी वहीतून काढा, मग कापा.