टेकडीवरची ट्रेल बंद झाली, आता काय करावं?

चिखलाचे_टायर:
आम्ही अकरा वर्षं जिच्यावर सायकल चालवतोय ती ट्रेल, म्हणजे टेकडीवरची कच्ची वाट, गेल्या आठवड्यात बंद झाली. वाट खाजगी जमिनीतून जाते. तोंडाशी काटेरी तार आणि ‘सायकलींना बंदी’ अशी पाटी. मालकांनी कारण स्पष्ट सांगितलं: मधल्या उभ्या उतारावर घोट्याइतकी खोल घळ पडलीय आणि पावसाचं पाणी तिच्यातून थेट त्यांच्या शेतात घुसतं. मी घळ पाहिली, त्यांचं बरोबर आहे. आम्ही वीसेक जण आहोत. काही म्हणतात सह्या गोळा करू, काही म्हणतात तारेखालून जाऊ. मला दोन्ही पटत नाही. माझी मुलगी याच वाटेवर सायकल शिकली. सुरुवात कुठून करू?

फावडं_आधी:
तारेखालून एकजण जरी गेला तरी विषय संपला, हे आजच सगळ्यांना सांगा. आणि तक्रार पाण्याची आहे, सह्यांनी पाणी वळत नाही.

मी नऊ वर्षं ट्रेलच्या दुरुस्तीला जातो. आमची वाटही अशीच बंद झाली होती. ओल्या मातीत चाकं चर पाडतात, पण त्याची घळ करतं ते पाणी. वाट सरळ उताराच्या दिशेने उतरत असेल, तर पाण्याला बाजूला पडायला जागाच नसते. १९८८ साली स्थापन झालेल्या ‘इम्बा’ या माउंटन बायकिंग संघटनेचा ठोकताळा असा: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको आणि सरासरी १० टक्क्यांच्या (शंभर मीटरला दहा मीटर) आत हवा. शिवाय वाट उताराच्या बाजूला साधारण ५ टक्के कलती ठेवायची आणि मध्येमध्ये छोटासा चढ द्यायचा. पाणी तिथेच बाहेर पडतं. घळीत नुसते दगड-माती भरू नका. आम्ही दोनदा भरले, दोन्ही वेळा वाहून गेले. शेवटी साठ मीटर वाट बाजूला नवी काढली.

मालकांकडे दोघांनीच जा. मागणी करू नका. ‘पाणी कुठे गेलेलं चालेल?’ एवढंच विचारा. आमच्या मालकांनी काठीने जागा दाखवली, तिथेच आम्ही पाणी काढलं. मग लेखी करार करा: वाट ओली असताना बंद, दुरुस्ती कोणाची, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची. या शेवटच्या मुद्द्याचीच मालकांना खरी भीती असते, तिथे वकिलाला विचारा.

रोज_पायी:
मी सायकल चालवत नाही, चालायला जाते. वळणावर आवाज न देता मागून सायकल आली की छातीत धस्स होतं. पायी माणसाला आणि घोड्याला आधी वाट द्यायची, हे तुमच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा. चालणाऱ्यांनाही दुरुस्तीला बोलवा, वाट त्यांचीही आहे.

दोन_चाकं:
कायदाही बघून ठेवा, तो जागोजागी वेगळा. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकल चालते, पादचारी वाटांवर तसा हक्क नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक जमिनीवर जबाबदारीने जाता येतं.

चिखलाचे_टायर:
काल मालकांकडे गेलो. तार तशीच आहे, पण रविवारी घळीपाशी स्वतः येतो म्हणाले. साठ मीटरला किती माणसं लागली?

फावडं_आधी:
चौदा जण, तीन रविवार. मुरूम असेल तर जास्त धरा. आणि काम झाल्यावर पहिला जोराचा पाऊस आला, की सायकल घरी ठेवून छत्री घेऊन जा. पाणी कुठून उतरतं ते तिथे उभं राहून बघा.