'साखर म्हणजे विष, मधुमेह म्हणजे स्वतःची करणी' या पोस्टवर बोलायचंय

सुईदोरा
परवापासून ती पोस्ट फिरतेय. साखर हे विष आहे, मधुमेह झालेल्यांनी तो गोड खाऊन ओढवून घेतलेला असतो, आणि साखरेऐवजी मध किंवा फळांचा रस घ्या कारण ते नैसर्गिक. खाली सगळे 'अगदी बरोबर' म्हणतायत. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझ्या मुलीला टाइप वन आहे. तिच्याच शरीराने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकल्या, गोड खाण्याचा यात काडीचाही संबंध नाही. तरी जो येतो तो विचारतो, "चॉकलेटं फार खायची का हो?" आणि ती बाजूला उभी राहून ऐकत असते. अशा पोस्टी वाचूनच लोकांची जीभ इतकी सैल होते.

आणि मध, रस नैसर्गिक म्हणून चालतात हे कुठून आलं? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेची जी मर्यादा सांगितली त्यात मध आणि फळांचा रस वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत मोजलेत, अख्खं फळ आणि दूध तेवढं वगळलंय. मर्यादा रोजच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत, जमलं तर 5. म्हणजे 2000 कॅलरी खाणाऱ्याला 50 ग्रॅम, जमलं तर 25. कोलाच्या 330 मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम असते आणि तेवढाच संत्र्याचा रस, चमचाभरही साखर न घालता, फार मागे नसतो. साखरेला सरसकट शिव्या घालण्यापेक्षा जी साखर आपण पितो तिच्याकडे बघा, खरा घोळ तिथे आहे.

खडाजंगी
पोस्ट माझीच आहे. तुमच्या मुलीबद्दल वाईट वाटतं, पण मधुमेहींमधले 90 टक्क्यांहून जास्त टाइप टू वाले असतात, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतं पण पुरत नाही किंवा नीट काम करत नाही, आणि मी त्यांच्याबद्दल लिहिलं. माझे वडील गाडी चालवायचे, जागं राहायला दिवसभर सीटशेजारी थंड पेयाची बाटली, पाणी जवळपास नाहीच. आता मधुमेहामुळे डाव्या पायाची दोन बोटं नाहीत. रोज एक-दोन गोड पेयं पिणाऱ्यांमध्ये टाइप टू चा धोका जवळपास न पिणाऱ्यांपेक्षा 26 टक्क्यांनी जास्त निघाला, 2010 चं एकत्रित विश्लेषण आहे.

आणि हे 'प्रमाणात खा' कोणाच्या फायद्याचं? अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना 6500 डॉलर देऊन हृदयरोगाचा सगळा दोष चरबीवर ढकलणारा लेख लिहून घेतला, 1967 मध्ये छापून आला आणि पैशांची गोष्ट बाहेर यायला 2016 उजाडलं. मी विषच म्हणणार.

आकडेमोड
लेखाची भानगड खरी आहे, पण त्यावरून साखर विष ठरत नाही. 2013 मध्ये बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा दिसलं की एकूण कॅलरी तेवढ्याच ठेवून साखरेच्या जागी दुसरं पिष्ट दिलं तर वजनात फरक पडत नाही. फरक पडतो तो साखर वरून जास्तीची पोटात जाते तेव्हा, आणि पेयातून ती पत्ता न लागता जाते. 2000 सालचा एक छोटा प्रयोग आहे, त्याच माणसांना चार आठवडे रोज 450 कॅलरी जेलीच्या गोळ्यांमधून दिल्या आणि चार आठवडे साखर घातलेल्या गोड सोड्यातून. गोळ्या खाल्ल्या तेव्हा लोकांनी आपोआप बाकीचं जेवण कमी केलं, सोडा प्यायले तेव्हा केलं नाही. म्हणजे सुईदोरा म्हणतायत तेच.

हलकाफुलका
मग एवढं डोकं कशाला फोडायचं, डाएट प्या ना, साखरेऐवजी कृत्रिम गोडवा घातलेलं पेय. नेदरलँड्समध्ये 641 मुलांवर 18 महिने करून बघितलंय, रोज 250 मिली, निम्म्यांना साखरेचं, निम्म्यांना बिनसाखरेचं. साखरवाल्यांचं वजन सरासरी एक किलोने जास्त वाढलं. विषय संपला.

जपून
संपला कसा? 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने त्याच डाएटमधलं गोडी आणणारं अ‍ॅस्पार्टेम कॅन्सरच्या यादीत टाकलं ना! माझ्या नणंदेचं डोकं रोज दुखायचं, डाएट सोडल्यावर थांबलं. लहान मुलांना हे पाजा म्हणताना जरा तरी विचार करा.

आकडेमोड
ती यादी 'कदाचित कॅन्सर होऊ शकतो' वाल्यांची आहे, पुरावा तोकडा आहे असं त्यातच लिहिलंय. त्याच वेळी किती घेतलं तर चालेल तेही सांगितलं, वजनाच्या किलोमागे रोज 40 मिलिग्रॅम, आधीची मर्यादा बदललीच नाही. 70 किलोच्या माणसाने रोज 9 ते 14 कॅन प्यायले तर ती ओलांडेल. नणंदेचं डोकं हा पुरावा नाही.

जपून
दुखणाऱ्याला पुरावा विचारायचा नसतो. आणि 2023 मध्येच संघटनेने वजन उतरवायला असले गोडवे वापरू नका असंही सांगितलं, ते बरं गाळलंत?

आकडेमोड
गाळलं नाही, तुम्ही विचारलं नव्हतं. तेही लिहितो, आधीच मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही. पण वजनासाठी डाएट हा कायमचा उपाय नाही, ठीक आहे, मान्य.

दाढदुखी
तुम्ही सगळे वजन आणि कॅन्सर धरून बसलात, माझ्या दवाखान्यात रोज खराब दात घेऊन लोक येतात. गोड काही तोंडात गेलं की दातांवरच्या थरातले जंतू आम्ल बनवतात, पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली उतरला की दाताचं खनिज झिजायला लागतं आणि पुन्हा जागेवर यायला अर्धा तास तरी जातो. बाटली जवळ ठेवून दर दहा मिनिटांनी घोट घेणाऱ्याचे दात दिवसभर आम्लातच. परवा एक तरुण आला, पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार झालेल्या, म्हणतो मी फक्त डाएटच पितो. अहो, ते पेय मुळातच आंबट आहे, कोलात फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं, कीड नाही लागली तरी झीज व्हायचीच. हलकाफुलका, विषय संपला असं इतक्या लवकर म्हणत जाऊ नका.

हलकाफुलका
मग प्यायचं काय, नुसतं पाणी?

दाढदुखी
हो.

सुईदोरा
डाएट डाएट चाललंय म्हणून सांगते. मागे एका वाढदिवसाला इन्सुलिनमुळे मुलीची रक्तातली साखर फार खाली, 52 वर आली, हात थरथरतायत, ओठ पांढरे, शब्द लागत नाहीत. मी ओरडले काहीतरी गोड द्या. एक बाई धावत ग्लास घेऊन आल्या, तिने अर्धा संपवला, दहा मिनिटांनी तपासलं तर 48. बाटली बघितली तर डाएट. त्या बाईंना वाटलं मधुमेह आहे म्हणजे साखरेचं विष नको. मग साधं गोड पेय दिलं, 15 ग्रॅम साखर जाईल एवढं, आणि पंधरा मिनिटांत माझी मुलगी माझ्याशी बोलायला लागली. खडाजंगी, तुमची पोस्ट त्या बाईंसारखी माणसं वाचतात. जुलाबाने सुकलेल्या मुलाला ओआरएस देतात त्यातही ग्लुकोज मुद्दाम असतं, लिटरला साडेतेरा ग्रॅम, त्याच्याशिवाय आतडं मीठ आणि पाणी नीट ओढून घेत नाही.

खडाजंगी
हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण पोस्टमध्ये नाही हे खरं. 'स्वतः ओढवून घेतलेला' हे वाक्य काढतो. बाकीचं राहील. बापाचा पाय रोज ड्रेसिंग करताना बघतो, मला सौम्य भाषेत लिहिता येत नाही.

सुईदोरा
सौम्य लिहू नका, बरोबर लिहा. मध आणि रसाचं वाक्यही काढा.

खडाजंगी
मधाचं काढतो. रसाचं बघू, बाबांना कोल्ड्रिंक सोडवलं ते रसावर आणून. सकाळ-संध्याकाळ मोठा ग्लास घेतात, तोही बंद केला तर पुन्हा बाटलीकडे वळतील.

सुईदोरा
दोन मोठे ग्लास म्हणजे त्यांची बाटली नाव बदलून चालूच आहे की! अख्खं संत्रं सोलून द्या, आजपासून. एक-दोन खाऊन माणूस थांबतो, ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि चोथा टाकून देता तुम्ही. रस घरात ठेवा, पण इन्सुलिन किंवा गोळ्यांमुळे साखर खाली गेली तरच. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे दोन ग्लास आठवणीने सांगा, नाहीतर ते औषधच वाढवत बसतील.