बांधकाम करार आणि तंटा-निवारणाचे शिक्षण कोल्हापुरात राहून कसे घ्यावे?

प्रश्न : शिरोलीचा स्थापत्य अभियंता

जाणकारांना नमस्कार. मी स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर असून बरीच वर्षे एका ठेकेदार संस्थेत, जिल्ह्यातील रस्ते आणि लहान पुलांच्या शासकीय कामांवर आहे. मोजमापे, देयके आणि निविदा माझ्याकडेच असतात. आमचे पैसे कामाच्या दर्जावरून क्वचितच अडकतात; ते अडकतात मुदतवाढ, विलंबाचा दंड आणि जादा बाबींचे दर यांवरून, आणि त्या वेळी करारातील कलमांचा नेमका अर्थ सांगू शकेल असे आमच्याकडे कोणी नसते.

हा विषय रीतसर शिकावा असे ठरवले आहे. तीन वर्षांची एलएलबी करावी, करार-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घ्यावा, की थेट लवादाचे (न्यायालयाबाहेर तटस्थ व्यक्तीकडून तंट्याचा निर्णय करून घेण्याचे) प्रशिक्षण घ्यावे? नोकरी सोडणे शक्य नाही. पुढे स्वतः लवाद म्हणून काम करता यावे अशीही इच्छा आहे. त्यासाठी वकील असणे आवश्यक आहे का?

उत्तर : निवृत्त कार्यकारी अभियंता, ताराबाई पार्क

आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण आपल्या भागात हा विषय शिकू इच्छिणारे अभियंते फार थोडे आहेत. अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी आपल्याच संस्थेचा एखादा पूर्ण झालेला करार घ्यावा आणि तो सर्वसाधारण अटींसह पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा. सार्वजनिक बांधकाम विभागाचे काम असेल तर करार बहुधा बी-१ नमुन्यातील असेल. त्याच्या तिसाव्या कलमात अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम मानला आहे आणि अनेक ठेकेदार त्यालाच लवादाचे कलम समजून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात बी-१ मधील एकोणतिसावे आणि तिसावे कलम म्हणजे लवादाचा करार नव्हे असे स्पष्ट केले आहे. म्हणजे आपण लवादाचे कितीही प्रशिक्षण घेतले, तरी वेगळे लवाद-कलम नसलेल्या अशा करारातील तंटा शेवटी दिवाणी न्यायालयातच जाणार. हे आधी कळले की काय शिकायचे याचा क्रम आपोआप बदलतो.

दुसरी गोष्ट नोंदींची. मुदतवाढीचा दावा उभा राहतो तो साइटवर त्या-त्या दिवशी केलेल्या लिखाणावर. जागेचा ताबा कोणत्या तारखेला आणि किती लांबीत मिळाला, विजेचे खांब कधी हलले, सुधारित नकाशा कधी हाती आला, हे सारे अडथळा नोंदवहीत त्याच दिवशी उतरले पाहिजे आणि त्यावर शाखा अभियंत्याची सही झाली पाहिजे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता हे सर्वांना ठाऊक आहे. पण दाव्यात ‘सर्वांना ठाऊक आहे’ असे लिहून भागत नाही. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी कोणत्या दिवशी ओलांडून गेली, आणि त्या पाण्यामुळे आपल्या कामाचा कोणता टप्पा किती दिवस थांबला, हा संबंध कागदावर दाखवावा लागतो. माझ्या मते कोणत्याही प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे.

दंडाविषयी भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील ५५, ७३ आणि ७४ ही कलमे मुळातून वाचावीत. त्यासोबत ‘कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण’ हा २०१५ चा निकाल वाचावा. करारात रक्कम लिहिली आहे एवढ्यावरून, काहीच नुकसान झालेले नसताना, ती वसूल करता येत नाही हे त्यातून समजते.

उत्तर : अधिवक्ता, कसबा बावडा

सरांनी नोंदींविषयी लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. तथापि दावा कितीही भक्कम असला तरी चुकीच्या ठिकाणी किंवा मुदत संपल्यावर गेला तर निष्फळ ठरतो, म्हणून थोडे प्रक्रियेविषयी लिहिते. केलेल्या कामाच्या पैशांसाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. आपण स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. समोरच्या पक्षाने मुदतीच्या आत लेखी कबुली दिली तर मात्र ती नव्याने मोजली जाते. शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऐंशीव्या कलमान्वये दोन महिन्यांची नोटीस लागते. शिवाय बांधकामाचे करार वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ च्या कक्षेत येतात. त्यामुळे तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रकमेच्या दाव्यात, तातडीचा दिलासा मागितलेला नसेल, तर आधी मध्यस्थीचा प्रयत्न करणे बंधनकारक आहे.

लवाद होण्यासाठी वकील असण्याची गरज नाही. लवाद अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीने लवादाच्या पात्रतेची एक अनुसूची आणली होती, ती २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली. एलएलबीला पदवीनंतर सीईटी देऊन प्रवेश घेता येतो आणि आपल्या शहरात शहाजी लॉ कॉलेज आहे. मात्र नियमित उपस्थिती लागते आणि सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. आपल्या परिस्थितीत मी एलएलबीचा आग्रह धरणार नाही.

उत्तर : क्वांटिटी सर्व्हेयर, सध्या आखातात, मूळचा कागलचा

फिडिकच्या, म्हणजे सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, प्रमाण करार-अटी अवश्य शिका. जागतिक बँकेच्या किंवा आशियाई विकास बँकेच्या कर्जातून होणाऱ्या कामांत त्यांवर आधारित करार आढळतात. फिडिकच्या १९९९ च्या लाल पुस्तकात (बांधकामाच्या प्रमाण अटींत) ठेकेदाराने घटना कळल्यापासून २८ दिवसांत सूचना आणि ४२ दिवसांत तपशीलवार दावा द्यायचा असतो. सूचना चुकली तर हक्कच जातो. विलंबाच्या विश्लेषणासाठी इंग्लंडच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉची २०१७ ची मार्गदर्शिका विनामूल्य मिळते. परदेशी अभ्यासक्रमांत २८ दिवसांत निर्णय देणारी ब्रिटिश अभिनिर्णय (ॲडज्युडिकेशन) पद्धत बरीच शिकवतात. भारतात तसा कायदा नाही, हे ध्यानात ठेवून शुल्क भरावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बी-१ च्या तिसाव्या कलमाविषयी आमच्या कार्यालयात आजवर उलटाच समज होता. मग लवादाचे प्रशिक्षण माझ्यासाठी निरुपयोगी समजावे का?

उत्तर : अधिवक्ता, कसबा बावडा

अजिबात नाही, दादा. खाजगी विकासक, कारखाने आणि केंद्र शासनाचे अनेक उपक्रम यांच्या करारांत लवादाचे कलम असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शासकीय करारांत एकाच पक्षाने एकमेव लवाद नेमणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले असल्याने, यापुढे तांत्रिक जाण असलेल्या तटस्थ लवादांची गरज वाढेल असे मला प्रामाणिकपणे वाटते. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही आपल्या शहरात सुरू झाले आहे, त्यामुळे तेथील सुनावण्या ऐकणे आता आपल्याला सहज शक्य आहे.

यंदा करार अधिनियम आणि १९९६ चा लवाद अधिनियम मुळातून वाचा. त्यानंतर चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्सच्या प्राथमिक पातळीपासून सुरुवात करा. ती संस्था सहयोगी, सदस्य आणि फेलो अशा पायऱ्यांनी पुढे नेते आणि अभियंत्यांनाही प्रवेश देते. दरम्यान, तुमच्या संस्थेचा बी-१ मधील एखादा अडकलेला दावा असेल, तर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि विभागाकडून आलेले शेवटचे लेखी पत्र एवढे दोन कागद काढून ठेवा. मुदत शिल्लक आहे की नाही हे त्यांवरून लगेच तपासता येईल.