सार्गासम: किनाऱ्यावरून उचलायचं की राहू द्यायचं?

खारा वारा
एप्रिल उजाडला की मेक्सिकोतल्या कानकूनची तिकिटं काढलेल्यांचा एकच प्रश्न: "सध्या शेवाळ आहे का हो?" जणू हॉटेलवाल्यांनी झाडू मारला नाही म्हणून ते आलंय.

हे शेवाळ म्हणजे सार्गासम. ते तळाला कधीच चिकटत नाही. मिऱ्याएवढ्या हवेच्या फुग्यांवर जन्मभर तरंगतं. पूर्वी त्याचं घर मुख्यतः उत्तरेला, अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्रात. २०११ पासून मात्र पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत त्याचा पट्टा जवळजवळ दर उन्हाळ्यात तयार होतो. मे २०२५ मध्ये दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाने उपग्रहावरून अंदाज काढला: पावणेचार कोटी टन! किनाऱ्याला लागतं ते त्यातलं थोडंसंच, पण तेवढंही आवरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. किनाऱ्यावर आलेलं शक्यतो उचलू नये. टेक्सासात गॅल्व्हस्टनला ते ओढून वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी लावतात. त्यात उडती वाळू अडकते, वर गवत धरतं, वादळात त्याच टेकड्या कामाला येतात. लोडर घातलात की शेवाळाबरोबर वाळूही ट्रकात जाते, आणि कासवांची घरटी चाकाखाली. मेक्सिकोत शेवाळाचा आणि कासवांचा हंगाम ऐन उन्हाळ्यात एकमेकांवर येतो. वेळासला पिल्लं बघायला गर्दी करणारे आपणच, आणि कानकूनला गेल्यावर पांढऱ्या वाळूसाठी हट्ट धरणारेही आपणच.

अनघा_दे
साफ असहमत. टेकडीला थोडं शेवाळ लावणं वेगळं आणि गुडघाभर थर दारात महिनाभर येत राहणं वेगळं. दोन दिवसांत ते कुजायला लागतं आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच सडक्या अंड्यांचा वास. २०१८ साली कॅरिबियनमधल्या ग्वादलूप आणि मार्टिनीक या दोन बेटांवर आठ महिन्यांत अकरा हजारांहून जास्त लोक या वायूच्या त्रासामुळे डॉक्टरांकडे गेले. घरातल्या एसीची तांब्याची नळी काळी पडून गळायला लागते, तिथे दम्याच्या पेशंटचं काय होत असेल?

आणि उथळ पाण्यातच राहू दिलं तर थराखालून चहासारखं तपकिरी पाणी पसरतं. ऊन तळापर्यंत पोचत नाही, प्राणवायू संपतो, समुद्री गवत मरतं. ते गवत खाणारी कासवंच ना? "निसर्गावर सोडा" म्हणताना तेही मोजा.

नाखवा
तुम्ही दोघंही वाळूवर भांडताय. उचलायचं तर पाण्यातच. मेक्सिकोचं नौदल २०१९ पासून तरंगते अडथळे लावून बोटींनी गोळा करतंय. ओलं, ताजं, वाळूविरहित.

अनघा_दे
@नाखवा, लाटा वाढल्या की अडथळ्याच्या खालून-वरून सगळं आत येतं. शिवाय खोल समुद्रात त्याच गालिच्यात लहान मासे, खेकडे, कासवांची पिल्लं राहतात. किनाऱ्याच्या अगदी जवळ अडवलं तरच ठीक. मग उरलेल्यासाठी पंजे आणि ढकलगाड्या घेऊन माणसं लागतातच. लोडरपेक्षा ते बरं, पण त्या माणसांना मास्क द्या आधी.

बोर्डीवाला
एवढा गहन प्रश्न कशाला? आमच्याकडे माडाच्या आळ्यात मासळीची कुटी घालतात. हेही घाला, खत होईल. मेक्सिकोत पुएर्तो मोरेलोसला एकाने याच्या विटा पाडून घरं उभी केलीत, बार्बाडोसला विद्यापीठाने याच्या गॅसवर गाडी चालवली. कचरा कसला, सोनं आहे हो!

खारा वारा
@बोर्डीवाला, सोनं नाही, आर्सेनिक. समुद्रातलं आर्सेनेट रासायनिकदृष्ट्या फॉस्फेटसारखं असतं. फॉस्फेटला भुकेलेलं शेवाळ फसतं आणि तेही आत घेतं. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचे नमुने तपासले तेव्हा बहुतेकांत ते पशुखाद्याच्या युरोपीय मर्यादेपेक्षा, म्हणजे किलोला ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघालं. गोठ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात तपासल्याशिवाय घालू नये. विटा ठीक, पण पावणेचार कोटी टनांपुढे दोन-चार घरं? मला तर ही "कचऱ्यातून कमाई" म्हणजे मूळ खर्च टाळायची पळवाट वाटते.

अनघा_दे
थांबा. मग तेच आर्सेनिक तुमच्या वाळूच्या टेकडीत गेलं की कुठे जातं? पाऊस पडतो ना तिथे?

खारा वारा
झिरपतं, नाकारत नाही. पण ते खाऱ्या वाळूत, समुद्राला लागून. उचललेलं कुठे जातं ते बघा. कानकून ज्यात येतं त्या किंताना रू राज्यात ते जुन्या खाणींच्या खड्ड्यांत ओततात, बऱ्याच ठिकाणी तळाला अस्तर नाही. खाली सगळी चुनखडी, भेगा आणि पाण्याने भरलेल्या गुहा. संपूर्ण युकातान द्वीपकल्पाचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. किनारा चकाचक केला आणि विहीर नासवली, यात कोण जिंकलं?

ह्यूस्टनकर
गॅल्व्हस्टनला वरचेवर जाणं होतं. टेकड्यांचं म्हणणं बरोबर आहे, वासही चार दिवसांत उतरतो. पण तिथे वाऱ्याला मोकळा, सरळ, रुंद किनारा आहे. मार्टिनीकच्या बंद खाडीत हेच करा म्हणाल तर लोक मारतील.

अनघा_दे
हेच तर म्हणत होते. निर्जन किनाऱ्यावर राहू द्या, वस्तीसमोर ४८ तासांत उचला, टाकायची जागा अस्तर घालून आधी तयार ठेवा. आता त्याचे पैसे कोण देणार ते बोला. हॉटेलवाले आपापल्या हद्दीपुरतं उचलतात. त्याच राज्यातल्या माहाहुआलसारख्या गावात, मच्छीमारांच्या होड्यांपुढे, कोण उचलणार?

नाखवा
प्रत्येक पर्यटकाच्या खोलीभाड्यातून कापा. शेवाळ आहे का विचारणाऱ्यांकडून दुप्पट.