टेमिस्कमिंग शोअर्स (उत्तर ऑन्टॅरिओ): घर न्यू लिस्कर्डला घ्यावं की हेलिबरीला?

नमस्कार मंडळी. आम्ही सध्या ब्रॅम्प्टनला आहोत. नवऱ्याला हेलिबरीत नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात बाडबिस्तरा हलवायचाय. इथून साधारण ५०० किलोमीटर उत्तरेला, क्यूबेकच्या हद्दीला लागून, तलावाकाठी. उणीपुरी दहा हजारांची वस्ती.

घोळ पत्त्यापासूनच सुरू झाला. भाड्याच्या जाहिरातींत कुठे टेमिस्कमिंग शोअर्स, कुठे न्यू लिस्कर्ड, कुठे हेलिबरी. मी वेगवेगळी गावं समजून वहीत तीन रकाने पाडले! मग कळलं, २००४ साली न्यू लिस्कर्ड, हेलिबरी आणि डायमंड मिळून हे एक शहर केलंय. मी मिरजेची, त्यामुळे लगेच ट्यूब पेटली: हे तर सांगली-मिरज-कुपवाड! फक्त आमच्या महापालिकेने तिघांची नावं ठेवली, यांनी तिन्ही काढून तलावाचं दिलं. एका घरमालकांना फोनवर विचारलं, "टेमिस्कमिंग शोअर्समध्ये नेमकं कुठे?" तर म्हणाले, "हेलिबरी. सरळ हेलिबरी म्हणा." आमच्या काकांना कोणी "सांगलीचे का?" विचारलं की तेही अस्सेच फणकारतात.

ते घरमालकच पुढे म्हणाले, घर आगीनंतरचं आहे. मी घाबरून विचारलं, आग कधी लागली? तर १९२२ साली! ४ ऑक्टोबरच्या वणव्यात जवळजवळ अख्खं हेलिबरी जळालं, आणि बेघरांना हिवाळ्यात राहायला टोरंटोहून जुन्या ट्राम पाठवल्या होत्या. घराचं वय अजून त्या आगीपासून मोजतात.

तर अडचण अशी. गाडी एकच, ती नवरा नेणार. माझं लायसन्स अजून जी-वन, एकटीने चालवता येत नाही. सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. हॉस्पिटल न्यू लिस्कर्डला, मोठी दुकानं डायमंडच्या बाजूला हायवे ११ लगत. हेलिबरी ते न्यू लिस्कर्ड आठेक किलोमीटर. हेलिबरीचं घर मात्र तलावासमोर आणि स्वस्त, मन तिकडेच ओढतंय. शहर बस दोन्हीकडे फिरते म्हणतात, पण उणे तीसमध्ये थांब्यावर उभं राहणं सासूबाईंना झेपेल का? उत्तरेकडे राहिलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १: मी सडबरीला चार हिवाळे काढलेत. न्यू लिस्कर्ड घ्या. आठ किलोमीटर नवऱ्याने रोज करावेत, दिवसभर घरात तुम्ही दोघी असणार. तलाव बघायला रविवारी जा. आणि दोन्ही मालकांना विचारा: हीटिंग भाड्यात धरलंय का, दारातला बर्फ कोण काढणार, बाहेर गाडीजवळ प्लग आहे का.

धागाकर्ती: प्लग कशाला?

प्रतिसाद १: ब्लॉक हीटरला. रात्री इंजिनाला वायर लावून ठेवायची, नाहीतर कडाक्याच्या थंडीत सकाळी गाडी सुरू व्हायची नाही. तुमच्या गाडीला हीटर बसवलाय का, तेही बघून घ्या.

धागाकर्ती: बघितलं, नाहीये. नवऱ्याला आत्ताच गॅरेजला पिटाळलंय. हेलिबरीच्या मालकांकडे प्लग आहे, बर्फ मात्र आपला आपण काढायचा. न्यू लिस्कर्डवाले फोन उचलेनात, उद्या परत लावते.